चाक कुठे घसरते, ते आधी मोजा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या रोबोट स्पर्धांच्या बातम्या आता सर्वच मराठी वृत्तपत्रांत नियमितपणे येतात आणि त्यांतून कॅमेरा, सेन्सर, कृत्रिम बुद्धिमत्ता यांविषयी बरेच काही लिहिले जाते. मात्र ज्या भागामुळे रोबोट मैदानावर प्रत्यक्ष हलतो, त्या मोटर आणि चाक यांच्यामधल्या गिअरबॉक्सबद्दल सहसा एक ओळही वाचायला मिळत नाही. बातमीदारांनी त्याची दखल घेतली नाही तर फारसे बिघडत नाही. परंतु स्पर्धेत उतरणारे संघही हा निर्णय एखाद्या सायंकाळी, कपाटात शिल्लक असलेल्या मोटरा पाहून उरकून टाकतात आणि पुढचे सहा महिने त्या निर्णयाची दुरुस्ती प्रोग्रॅममधून करण्याचा प्रयत्न करत राहतात, हे मला खटकते. मी गिअर-आरेखनाच्या कामातून निवृत्त झालो असून चिंचवड-भोसरी परिसरातल्या महाविद्यालयीन संघांना मागितल्यास सल्ला देत असतो. या पत्रातून मला एकच मुद्दा मांडायचा आहे. गिअरबॉक्सचे गुणोत्तर, म्हणजे मोटरचे किती फेरे झाले की चाकाचा एक फेरा होतो तो आकडा, ठरवताना हिशेबाची सुरुवात रोबोटच्या कमाल वेगापासून न करता चाक ज्या बळाला घसरते त्या बळापासून करावी.

आशिया-पॅसिफिक ब्रॉडकास्टिंग युनियनची रोबोकॉन स्पर्धा २००२ मध्ये टोकियोत सुरू झाली. तिच्यासाठीची भारतीय फेरी अनेक वर्षे पुण्यात बालेवाडीच्या क्रीडा संकुलात भरत असे, आणि आंतरराष्ट्रीय स्पर्धाही २००८ व २०१४ अशी दोनदा पुण्यात झाली. त्यांपैकी २००८ चा खेळ आपल्या दहीहंडीवर बेतलेला होता, तर २०१४ च्या खेळात मोठा रोबोट लहान रोबोटला पालकासारखा उचलून झोपाळ्याकडे, सीसॉकडे नेत होता. हे मुद्दाम सांगितले, कारण दरवर्षी खेळ बदलतो आणि त्याबरोबर चाकांकडून असलेली अपेक्षाही बदलते. कडेवरचा लहान रोबोट न हिंदकळता नेणाऱ्या यंत्राला आणि मैदानाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे चेंडू घेऊन धावणाऱ्या यंत्राला एकच गिअरबॉक्स शोभेल असे मानण्याचे कारण नाही. तरीही गेल्या वर्षीचा सांगाडा जसाच्या तसा पुढच्या वर्षी वापरणारे संघ कमी नाहीत.

आता हिशेबाकडे वळतो. समजा, रोबोटचे वजन २५ किलो आहे, चार चाकांना चार स्वतंत्र मोटरा आहेत आणि चाकाचा व्यास सुमारे १५२ मिलिमीटर आहे. चाके फिरणार नाहीत अशी बांधून रोबोट स्पर्धेतल्यासारख्याच पृष्ठभागावर ठेवावा, सामान तोलायचा साधा स्प्रिंगकाटा त्याला अडकवून आडवा ओढावा आणि रोबोट सरकू लागेल त्या क्षणीचा आकडा लिहून घ्यावा. हा प्रयोग दहा मिनिटांचा आहे आणि त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही, तरी तो करणारे संघ मला क्वचित भेटले. काट्याने समजा १५ किलो दाखवले, तर घर्षणांक (सरकवणारे बळ भागिले वजन) ०.६ ठरतो आणि रोबोटला पुढे ढकलण्यासाठी जमीन जास्तीत जास्त १४७ न्यूटन बळ देऊ शकते. मोटरा कितीही ताकदवान घेतल्या तरी यापुढे चाक जागच्या जागी फिरते, रोबोटला काही मिळत नाही. हे बळ चार चाकांत समान वाटले तर प्रत्येक चाकाला सुमारे ३७ न्यूटन येतात आणि चाकाच्या त्रिज्येने गुणले की प्रत्येक चाकाच्या आसावर लागणारा टॉर्क, म्हणजे आस फिरवणारा जोर, २.८ न्यूटन-मीटर निघतो. सगळ्या निवडीचा पाया हा आकडा आहे.

याच मोजमापातून दुसरी एक मर्यादा आपोआप हाती येते, आणि ती बहुतेकांच्या लक्षात येत नाही. १४७ न्यूटनला २५ किलोने भागले की त्वरण ५.९ मीटर प्रति सेकंद वर्ग मिळते. रोबोट यापेक्षा वेगाने वेग घेऊ शकत नाही, आणि हेही विसरता कामा नये की यापेक्षा वेगाने थांबूही शकत नाही. दोन मीटर जाऊन थांबायचे असेल तर पहिला मीटर वेग घेण्यात आणि दुसरा मीटर वेग कमी करण्यात जातो, आणि मध्यावर गाठता येणारा वेग सेकंदाला ३.४ मीटरच्या पुढे जाऊच शकत नाही. एका मीटरच्या हालचालीत तर तो २.४ मीटरवर थांबतो. असे असताना 'आमचा रोबोट सेकंदाला पाच मीटर धावतो' हे सादरीकरणातले वाक्य खरे असूनही निरुपयोगी ठरते, कारण त्या खेळातल्या बहुतांश हालचाली दोन-तीन मीटरच्या असतील तर तो वेग मैदानावर एकदाही अवतरत नाही.

उदाहरण पुढे नेतो. २४ व्होल्टवर चालणारी, १५० वॉटच्या आसपासची, बिनभाराने मिनिटाला ७५०० फेरे फिरणारी आणि सलगपणे सुमारे ०.१८ न्यूटन-मीटर टॉर्क देणारी मोटर अनेक संघांकडे असते. तिच्यासाठी कॅटलॉगमध्ये १२ आणि १९ अशी दोन्ही गुणोत्तरे मिळतात. १२ घेतले तर चाक मिनिटाला ६२५ फेरे करते आणि कागदावरचा वेग सेकंदाला पाच मीटर येतो. १९ घेतले तर तोच वेग ३.१५ मीटर राहतो. विद्यार्थी साहजिकच पहिल्याकडे झुकतात. पण दोन टप्प्यांच्या प्लॅनेटरी गिअरबॉक्सची (मधल्या गिअरभोवती ग्रहांसारखे लहान गिअर फिरतात अशा गिअरबॉक्सची) कार्यक्षमता ऐंशी टक्क्यांच्या घरात धरली, तर १२ गुणोत्तरावर ही मोटर चाकाला सलगपणे १.७ न्यूटन-मीटरच देऊ शकते आणि २.८ पर्यंत पोहोचण्यासाठी तिला प्रत्येक झेपेत आपल्या क्षमतेच्या दीडपटीहून अधिक ताणावे लागते. १९ वर ती २.७ देते, म्हणजे चाक घसरण्याच्या सीमेपर्यंत जवळजवळ आपल्या नेहमीच्या आवाक्यात राहून पोहोचते. मोबदल्यात काय गमावले? घसरण्याच्या सीमेइतके बळ मोटर शेवटपर्यंत देईल असे गृहीत धरून दोन मीटरचे अंतर काढले, तर दोन्ही गुणोत्तरांना थांबण्यासह १.१७ सेकंदच लागतात. पाच मीटरच्या धावेत मात्र १९ वाला रोबोट सुमारे पाव सेकंद मागे पडतो. म्हणून त्या वर्षीच्या नियमपुस्तिकेतला मैदानाचा नकाशा समोर ठेवून, रोबोट एका सामन्यात कोणत्या अंतराच्या किती हालचाली करणार आहे हे आधी मोजावे आणि मगच १२ की १९ याचा वाद घालावा. नकाशा न पाहता घातलेल्या या वादात मी तासन् तास गेलेले पाहिले आहेत.

हाच विचार अमेरिकेतल्या फर्स्ट रोबोटिक्स स्पर्धेत अधिक ठळकपणे दिसतो. १९९२ पासून चाललेल्या या शालेय स्पर्धेत मुंबईतले संघही उतरलेले आहेत. तेथे रोबोट एकमेकांना ढकलतात, त्यामुळे घसरण्याची सीमा प्रत्येक सामन्यात प्रत्यक्ष गाठली जाते. नवख्या संघांना संचाबरोबर मिळणाऱ्या सांगाड्यात अनेक वर्षे १०.७१ गुणोत्तराचा टफबॉक्स मिनी हा गिअरबॉक्स, सहा इंची चाके आणि सिम जातीच्या चार मोटरा असत. सिम मोटर १२ व्होल्टवर बिनभाराने मिनिटाला सुमारे ५३०० फेरे फिरते, आणि आस अडवून धरला तर २.४ न्यूटन-मीटर टॉर्क देताना १३१ अँपिअर वीज खेचते. हाच गिअरबॉक्स ८.४५ आणि १२.७५ या गुणोत्तरांतही मिळतो. बॅटरी आणि बंपर धरून रोबोट ६८ किलोचा, घर्षणांक १.१ आणि गिअरबॉक्सची कार्यक्षमता नव्वद टक्के मानून मी तिन्हींचा हिशेब केला. समोरच्या रोबोटला रेटताना चाके घसरू लागतात त्या क्षणी १२.७५ गुणोत्तरावर प्रत्येक मोटर सुमारे ६६ अँपिअर खेचते, १०.७१ वर ७९ आणि ८.४५ वर १००. त्या स्पर्धेत प्रत्येक मोटरच्या वाटेत ४० अँपिअरचा आणि सगळ्यांच्या मिळून वाटेत १२० अँपिअरचा ब्रेकर असतो. ब्रेकर काही क्षण जादा प्रवाह सहन करतात, पण ते क्षण शंभर अँपिअरला फार थोडे उरतात. शिवाय चार मोटरांचे मिळून तीन-चारशे अँपिअर १२ व्होल्टच्या शिसे-आम्लाच्या बॅटरीतून ओढले की तिचा व्होल्टेज कोसळतो, आणि तो साडेसहा-सात व्होल्टच्या आसपास गेला की नियंत्रक मोटरांची वीज स्वतःहून तोडतो. प्रेक्षकांना तेव्हा दिसते ते इतकेच की जोरात असलेला रोबोट अचानक आचके देऊ लागला. घरी जाताना दोष बॅटरीला दिला जातो.

आणि या सगळ्याच्या बदल्यात मिळते काय? व्होल्टेज कोसळणार नाही असे गृहीत धरले, तरी दोन मीटरचे अंतर कापायला १२.७५ ला ०.७९, १०.७१ ला ०.७५ आणि ८.४५ ला ०.७२ सेकंद लागतात. कागदावरच्या कमाल वेगात पहिल्या आणि तिसऱ्यात जवळजवळ दीडपटीचा फरक आहे. घड्याळात तो सेकंदाच्या सात शतांशांचा आहे. बॅटरीचा अंतर्गत रोध हिशेबात घेतला तर हा फरकही आणखी आकसतो, कारण ज्याला जास्त प्रवाह लागतो त्याचाच व्होल्टेज जास्त पडतो. खंबाटकी घाटात भरलेला ट्रक वरच्या गिअरमध्ये रेटणाऱ्या चालकाला जे कळते, ते आपल्या तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला कळत नाही असे नव्हे. त्याने ते आकड्यांत मांडून पाहिलेले नसते.

रोबोकॉनमध्ये ढकलाढकलीला सहसा वाव नसतो, तेव्हा घसरण्याची सीमा तेथे कशाला, असा प्रश्न मला विचारला जातो. उत्तर स्थाननिश्चितीत आहे. रोबोट आपण कुठे आहोत हे चाकाच्या फेऱ्यांवरून मोजत असेल, तर चाक घसरले की ती मोजणी खोटी होते आणि एका सामन्यातल्या अशा लहानलहान चुका साचत जातात. निराळी मोकळी चाके आणि एन्कोडर (फेरे मोजणारा सेन्सर) लावून, किंवा लेझर सेन्सरने, ही चूक दुरुस्त करता येते आणि चांगले संघ तसे करतातही. तथापि मुळात घसरू न देणे स्वस्त पडते. ज्या रोबोटची मोटर घसरण्याच्या सीमेजवळ आरामात काम करते, त्याला प्रवाहाची मर्यादा प्रोग्रॅममध्ये त्या सीमेच्या थोडी खाली बांधून देता येते. ज्याचे गुणोत्तर १२ सारखे, वेगाकडे झुकलेले आहे, त्याच्या मोटरला सीमेपर्यंत पोहोचण्यासाठीच धाप लागते आणि ती लवकर तापते.

चाकांच्या मांडणीनेही हा हिशेब बदलतो. चार ओम्नी चाके (परिघावर रोलर असलेली, आडवीही सरकणारी चाके) ४५ अंशांत तिरकी लावली, तर सरळ पुढे जाताना रोबोटचा वेग चाकाच्या परिघाच्या वेगाच्या १.४१ पट होतो आणि त्याच प्रमाणात पुढे ढकलणारे बळ घटते. म्हणजे वरच्या उदाहरणातला १९ गुणोत्तराचा रोबोट ३.१५ ऐवजी ४.४५ मीटर वेगाचा बनतो, पण त्याचे जास्तीत जास्त त्वरण ५.९ वरून ४.२ वर येते. साध्या चाकांच्या रोबोटवर तपासलेले गुणोत्तर ओम्नीवर तसेच उचलणारे संघ या १.४१ कडे दुर्लक्ष करतात आणि नंतर रोबोट 'हातात येत नाही' अशी तक्रार करतात. मेकॅनम चाकांत, म्हणजे ज्यांचे रोलर तिरके बसवलेले असतात त्यांत, पुढचा वेग चाकाइतकाच राहतो. आडवे जाताना मात्र रोलरांच्या घर्षणात बरेच बळ वाया जाते, त्यामुळे काटा लावून मोजणी दोन्ही दिशांनी करावी.

गुणोत्तर ठरल्यावर गिअरबॉक्सचा प्रकार येतो. गाड्यांच्या वायपरची मोटर जुन्या बाजारात सहज मिळते आणि पहिल्या वर्षाच्या मुलांना ती आवडते. तिच्यात वर्म गिअर, म्हणजे स्क्रूसारख्या दांड्याने फिरवला जाणारा गिअर, असतो. तो बरीचशी शक्ती उष्णतेत घालवतो आणि चाकाकडून उलटा फिरत नाही, त्यामुळे वीज बंद होताच चाक जागीच अडते आणि उंच रोबोट पुढे झुकतो. सरावापुरती ती ठीक आहे, स्पर्धेच्या रोबोटच्या चाकांना नाही. बाजारात मिळणाऱ्या स्वस्त गिअर मोटरांत दाते सिंटर केलेल्या (भुकटी दाबून, तापवून घडवलेल्या) धातूचे असतात. एका दिशेने सावकाश फिरताना ते टिकतात, पण पूर्ण वेगातून उलट दिशेचा आदेश दिला की येणारा धक्का त्यांना झेपत नाही आणि नेमका शेवटच्या टप्प्यातला दाता तुटतो, कारण टॉर्क तेथे सर्वाधिक असतो.

प्लॅनेटरी गिअरबॉक्स मला रोबोकॉनच्या आकाराच्या रोबोटसाठी बहुतेक वेळा योग्य वाटतो, कारण त्यात भार तीन-चार ग्रहगिअरांत वाटला जातो आणि मोटर व चाक एका रेषेत राहतात. हे एका रेषेत राहणे किती मोलाचे आहे ते साध्या गिअरांचा आराखडा काढल्यावर समजते. १९ च्या जवळचे गुणोत्तर साध्या गिअरांनी मिळवायचे तर १७ आणि ७४ दात्यांची जोडी दोन टप्प्यांत लावता येते, त्यातून १८.९५ मिळते. २० अंश दाबकोनावर (दात्याच्या बाजूचा तिरपेपणा ठरवणाऱ्या कोनावर) १७ पेक्षा कमी दाते घेतले तर दात्याच्या मुळाशी काप पडून तो कमजोर होतो, म्हणून १७ च्या खाली उतरू नये. शिवाय १७ आणि ७४ ला सामाईक भाजक नसल्याने तेच दोन दाते वारंवार एकमेकांना भिडत नाहीत आणि झीज सारखी होते. पहिल्या टप्प्याला एक मॉड्यूल (दात्याच्या आकाराचे माप) पुरतो. टॉर्क वाढत असल्याने दुसऱ्याला दीड मॉड्यूल घ्यावा. पण मग दुसऱ्या टप्प्यातल्या मोठ्या गिअरचा बाहेरचा व्यास ११४ मिलिमीटर होतो. तो चाकाच्याच आसावर बसला तर चाकाच्या ७६ मिलिमीटर त्रिज्येतून ५७ वजा जाऊन जमिनीपासून १९ मिलिमीटर उरतात, आणि त्यातूनही खोक्याच्या पत्र्याची जाडी कमी होते. मैदानात पट्टी, उतार किंवा पायरी असेल तर गिअरबॉक्स चाकाआधी टेकतो. ही अडचण संगणकावर आराखडा पूर्ण झाल्यावर, किंबहुना गिअर कापून आल्यावर, लक्षात आल्याची उदाहरणे मला ठाऊक आहेत.

प्लॅनेटरी घेतानाही दोन गोष्टी कॅटलॉगमध्ये शोधाव्यात. पहिली म्हणजे दात्यांमधली मोकळीक, जिला कारखान्यात सगळे 'प्ले' म्हणतात. बाहेरच्या आसावर एक अंश प्ले असेल तर आपल्या चाकाच्या परिघावर तो १.३ मिलिमीटर होतो. धावणाऱ्या रोबोटला त्याचे काही वाटत नाही, परंतु ठरावीक जागी थांबून नेम धरणाऱ्या रोबोटच्या बाबतीत तो प्रोग्रॅममधून पुरता जात नाही. दुसरी गोष्ट आडव्या भाराची. गिअरबॉक्सच्या बाहेरच्या आसाला टोकापासून किती अंतरावर किती आडवा भार चालतो, हे चांगला उत्पादक छापतो. आपल्या रोबोटचे प्रत्येक चाक उभ्या-उभ्या सुमारे ६१ न्यूटन भार घेते. पट्टीवरून उतरताना किंवा कठड्याला आदळताना तो कितीतरी पट होतो. चाक थेट गिअरबॉक्सच्या आसाला लटकवले तर तो सगळा भार आतल्या छोट्या बेअरिंगवर जातो, आस किंचित वाकतो आणि ग्रहगिअर तिरके भिडू लागतात. बाहेरून फक्त आवाज वाढतो. म्हणून चाकाला स्वतःचा आस द्यावा, त्याच्या दोन्ही बाजूंना बेअरिंगे ठेवावीत आणि गिअरबॉक्सकडून फक्त टॉर्क घ्यावा. यासाठी थोडे वजन वाढते, ते वाढू द्यावे. आणि चाकाचा हब आसाला ग्रब स्क्रूने (डोके नसलेल्या लहान स्क्रूने) बसवण्याची सवय कृपया सोडावी. षटकोनी आस किंवा निदान खाच आणि चावी हवीच. अन्यथा मोटर फिरते, एन्कोडर फेरे मोजतो आणि चाक मात्र फिरत नाही, आणि चूक कशात आहे ते शोधण्यात सरावाचा दिवस संपतो.

मोटर, गिअरबॉक्स आणि नियंत्रक असे तिन्ही एकत्र देणारे संचही आता मिळतात. रोबोमास्टर या रोबोट स्पर्धेसाठी डीजेआय या ड्रोन-कंपनीने काढलेली एम३५०८ ही मोटर सुमारे १९.२ गुणोत्तराच्या गिअरबॉक्ससह येते आणि २४ व्होल्टवर मिनिटाला ४६९ फेऱ्यांना सलग तीन न्यूटन-मीटर देते. आपण वर काढलेल्या २.८ च्या गरजेशी हा आकडा किती जवळ आहे ते पाहावे. काही संघांना अशी आयात पसंत आहे आणि वेळ कमी असेल तर त्यात गैर काही नाही. फक्त ती मागवण्याआधी आपला स्वतःचा आकडा काढलेला असावा, म्हणजे ४० किलोच्या रोबोटलाही तीच चार मोटरांची जोडणी लावण्याचा मोह होणार नाही. दुसरीकडे ड्रोनच्या मोटरा स्वस्त आणि हलक्या असतात, पण सेन्सर नसलेली अशी मोटर स्थिर अवस्थेतून सुरू होताना अडखळते आणि तिचे प्रचंड फेरे उतरवायला गिअरचा आणखी एक टप्पा लागतो. चाकांसाठी ती घेण्यात बचत होत नाही.

स्वतः गिअरबॉक्स बनवण्याला माझा विरोध आहे का, असे कोणी विचारील. तसा अजिबात नाही, कारण पुणे, पिंपरी-चिंचवड आणि कोल्हापूरच्या औद्योगिक वसाहतींत गिअर हॉबिंगची, म्हणजे गिअरचे दाते कापण्याची, लहान कामे करणारे कारागीर आहेत आणि महाविद्यालयाच्या मुलांना ते आपुलकीने मदत करतात, असे मी पाहत आलो आहे. परंतु त्यांच्याकडे जाताना हातात पूर्ण आराखडा हवा. मॉड्यूल, दात्यांची संख्या, दाबकोन, रुंदी, भोकाचा आकार आणि त्याची सहनमर्यादा, पोलाद कोणते, कठीणपणा किती, हे सगळे त्यावर लिहिलेले असावे. मॉड्यूल प्रमाणित घ्यावा, कारण विचित्र मॉड्यूलचा हॉब (दाते कापायचे हत्यार) कोणी आपल्यासाठी विकत आणणार नाही. परदेशी स्पर्धेतल्या गिअरांचे रेखाचित्र जसेच्या तसे देऊ नये. तेथे इंचाची डायमेट्रल पिच पद्धत चालते आणि त्यांचा २० पिचचा गिअर आपल्या मापात १.२७ मॉड्यूल होतो, जो येथे सहज मिळत नाही. लहान गिअर २०एमएनसीआर५ सारख्या पोलादाचा करून पृष्ठभाग कठीण करून घ्यावा, आणि मोठ्याला ईएन८ चालून जाते, असा माझा साधारण आडाखा आहे. दोन आसांमधले अंतर सूत्राने येते त्यापेक्षा पाच ते दहा शतांश मिलिमीटर जास्त ठेवावे. अगदी काटेकोर अंतर ठेवून गिअर अडकवून घेणाऱ्यांना त्याचे कारण शोधताना फार त्रास होतो. हे सगळे करायला, उष्णता-प्रक्रियेला दिलेला माल परत येईपर्यंतचा वेळ धरून, काही आठवडे जातात. ज्या संघाकडे ते आठवडे आहेत त्याने गिअरबॉक्स जरूर बनवावा. ज्याच्याकडे नाहीत त्याने विकत घ्यावा आणि बनवण्याचा आनंद रोबोटच्या हातात किंवा उचलणीच्या यंत्रणेत घ्यावा, जेथे बाजारात तयार काही मिळतच नाही.

चालता चालता बदलणाऱ्या दोन गुणोत्तरांच्या गिअरबॉक्सबद्दल मुले उत्साहाने विचारतात. फर्स्ट स्पर्धेत हवेच्या दाबावर गुणोत्तर बदलणारे असे गिअरबॉक्स बरीच वर्षे लोकप्रिय होते, कारण तेथे लांब धावही होती आणि ढकलणेही. नव्या ब्रशविरहित मोटरा आल्यावर त्यांची गरज बरीच कमी झाली, आणि आता तेथील पुष्कळ संघ प्रत्येक चाक स्वतंत्रपणे वळवणाऱ्या स्वर्व्ह मांडणीत ६.७५ सारखे एकच गुणोत्तर घेऊन प्रोग्रॅममधून प्रवाह आवरतात. क्रॅकेन एक्स६० सारखी मोटर अडवून धरली तर ३६६ अँपिअर खेचू शकते. एवढी शक्ती हाताशी असताना गुणोत्तर आणि प्रवाहमर्यादा या दोन्हींचा विचार वेगवेगळा करून चालत नाही. आपल्याकडच्या खेळांसाठी मला दुहेरी गिअरबॉक्सचे वजन आणि त्यातल्या बिघडू शकणाऱ्या जागा पाहता तो पटत नाही.

आता थोडी विनंती. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा भरवणाऱ्या संस्थांनी संघांकडून आराखडा-अहवाल मागवताना त्यात एक पान चाकांच्या हिशेबासाठी सक्तीने ठेवावे. स्प्रिंगकाट्याने मोजलेले बळ, त्यावरून निघालेला चाकाचा टॉर्क, मैदानावरच्या प्रमुख हालचालींची अंतरे, निवडलेले गुणोत्तर, आणि घसरण्याच्या क्षणी प्रत्येक मोटर किती प्रवाह घेते तो आकडा, एवढे त्या पानावर असावे. ते तपासायला परीक्षकाला पाच मिनिटे पुरतात. महाविद्यालयांतल्या यंत्र-आरेखनाच्या प्राध्यापकांनीही गिअरच्या धड्यातले गणित पंपाच्या किंवा उद्वाहकाच्या काल्पनिक उदाहरणावर न घालता आपल्याच वर्कशॉपच्या कोपऱ्यात उभ्या असलेल्या रोबोटवर घालावे, कारण त्या गणिताचे उत्तर बरोबर आले की चूक हे त्याच सायंकाळी जमिनीवर तपासता येते. आणि आपल्या दैनिकाच्या बातमीदाराने पुढच्या वेळी विजेत्या संघाची मुलाखत घेताना रोबोटला किती कॅमेरे आहेत याबरोबरच चाकांचे गुणोत्तर किती ठेवले आणि ते का, एवढेही विचारावे.

आपला,
एक निवृत्त गिअर-अभियंता,
चिंचवड, पुणे